रब्बी राजमा: हरभऱ्यासारखा पेरू नका

सोयाबीन निघालं की रान मोकळं होतं आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो: हरभरा पेरावा की यंदा राजमा करून बघावा? राजमा करून बघणाऱ्यांपैकी बरेच जण एकाच चुकीने फसतात. ते बी राजमाचं घेतात आणि पीक हरभऱ्याचं करतात. खत कमी देतात, पाणी एकदम देतात, बी मिळेल तिथून आणतात आणि मळणीला हरभऱ्याचं यंत्र लावतात. राजमा कडधान्य असला तरी त्याचं वागणं वेगळं आहे. तो नत्रासाठी (नायट्रोजनसाठी) मक्यासारखा भुकेला असतो. साचलेलं पाणी, खारवट जमीन, ऊन, दहीवर, धसमुसळी हाताळणी यातलं काहीच त्याला फारसं सोसत नाही.

हा लेख महाराष्ट्रातल्या बागायती रब्बी राजमाबद्दल आहे. साताऱ्याकडे खरिपात होणाऱ्या घेवड्याबद्दल (तोही राजमाच) शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा, कारण यातली बरीच कामं नंतर सुधारता येत नाहीत. राजमा साधारण ७५ ते ८५ दिवसांचं पीक आहे. हरवलेले दहा दिवस भरून काढायला त्याच्याकडे वेळच नसतो.

## टप्पा १: रान निवडा, आणि नको ते रान आधीच बाजूला काढा

मध्यम, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. सामू (पीएच) ६ ते ७.५ च्या दरम्यान असला तर उत्तम. भारी काळ्या रानातही राजमा येतो, पण तिथे गादीवाफ्याशिवाय पेरू नका. सपाट सारे करून मोकाट पाणी दिलं की चार दिवसांत पानं पिवळी पडतात. मग माणूस युरिया टाकतो आणि मुळं कुजत राहतात.

पुढच्या चार प्रकारच्या रानात राजमा नको:

- उन्हाळ्यात पांढरे पापुद्रे येणारं, ऊस जागोजागी पिवळा राहणारं रान. खारवटपणा सहन करण्यात घेवडावर्गीय पिकं अगदी शेवटच्या रांगेत आहेत. गहू-ज्वारी जिथे तरून जातात तिथे राजमा जळतो. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर तेही याच हिशोबात धरा.
- मागच्या हंगामात मका किंवा उसात अॅट्राझीन हे तणनाशक मारलेलं रान. त्याचा अंश जमिनीत उरतो. राजमा उगवतो, पण दोन-तीन पानांवर येऊन कडेने करपायला लागतो.
- वाल, घेवडा, फरसबी लागोपाठ घेतलेलं रान. मूळकुज आणि करपा या बुरशीच्या रोगांचे अवशेष तिथे असतात. सोयाबीननंतर घ्यायला हरकत नाही, मात्र सोयाबीनमध्ये मूळकुज आली असेल तर तो तुकडा सोडा.
- उसाला लागून असलेला, वाऱ्याच्या दिशेला येणारा तुकडा, जर शेजारी रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी मारणार असेल तर. ते औषध वाऱ्यावर आलं तरी राजमाची पानं पिळवटतात आणि फुलं धरत नाहीत. शेजाऱ्याशी आधीच बोलून घ्या. पीक पिळवटल्यावर होतं ते भांडण.

तपासणी: एका कोपऱ्यात हातभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, एकदा जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसरं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच उभं असेल तर गादीवाफा केल्याशिवाय राजमाचं नाव काढू नका.

## टप्पा २: बी आणा, पण किराणा दुकानातून नको

सर्वांत जास्त फसवणूक इथे होते, आणि ती आपणच आपली करून घेतो. दुकानातला राजमा दिसायला सुंदर असतो, ठसठशीत लाल, आणि बियाण्याच्या मानाने स्वस्त. पण तो खाण्यासाठी आलेला असतो. तो किती जुना, कुठला, कोणत्या जातीचा, हे दुकानदारालाही माहीत नसतं. त्यात बाहेरच्या देशातला माल असतो, तसा डोंगरी मुलखातलाही असतो. जम्मूतल्या भदरवाह किंवा उत्तराखंडातल्या मुनस्यारीकडचे अनेक राजमे वेलाचे असतात, तिकडे ते मक्याच्या ताटावर चढवतात. आपल्या सपाट रानात तो वेल जमिनीवर लोळतो, उशिरा फुलतो आणि शेंगा मातीला लागून सडतात.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. घेवड्याचा मोझॅक विषाणू आणि करप्याची बुरशी दोन्ही बियातून येतात. डागाळलेलं बी पेरलं की पहिल्याच महिन्यात रोग तुमच्या शेतात मुक्कामाला येतो, आणि मोझॅकवर फवारणीचं औषध नाही.

जात निवडताना तीन गोष्टी पाहा: झाड झुडपी असावं, पीक लवकर येणारं असावं आणि दाण्याचा रंग तुमच्या बाजारात चालणारा असावा. महाराष्ट्रासाठी वरुण ही जात प्रसारित झालेली आहे, एचपीआर-३५ ही देखील इकडे घेतली जाते. उदय (पीडीआर-१४), मालवीय १३७, उत्कर्ष या जाती उत्तर प्रदेश-बिहारच्या मैदानातल्या लांब थंडीसाठीच्या आहेत. तिकडे पीक ११० ते १३० दिवस उभं असतं. आपल्याकडे तेवढी थंडी मिळत नाही, त्यामुळे ‘तिकडे एवढं उत्पादन येतं’ हे ऐकून त्या मागवू नका. कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा महाबीजकडे चौकशी सप्टेंबरातच करा. ऑक्टोबरात शिल्लक राहील ते मिळतं.

### बी किती लागेल, हे मोजून काढा

‘एकरी तीस किलो’ असा ठोक आकडा घेऊन जाऊ नका, कारण दाण्याचं वजन जातीप्रमाणे बरंच बदलतं. शंभर दाणे मोजा, काट्यावर ठेवा आणि पुढचा हिशोब करा.

३० × १० सेंमी अंतरावर एकरी सुमारे १ लाख ३५ हजार झाडं बसतात. शंभर दाण्यांचं वजन ३५ ग्रॅम असेल तर ४७ किलो बी झालं. उगवण ८५ टक्के असेल तर ४७ ला ०.८५ ने भागा, म्हणजे साधारण ५५ किलो.

४५ × १० सेंमीला झाडं सुमारे ९० हजार. त्याच दाण्याला साडेएकतीस किलो, आणि उगवण धरून ३७ किलो.

हलकं रान आणि आखूड झुडूप असेल तर ३० सेंमी, भारी रान आणि पसरणारं झुडूप असेल तर ४५ सेंमी ठेवा. भारी रानात दाट पेरणी केली की आतली हवा कोंडते आणि करपा-तांबेरा आतून सुरू होतो.

### उगवण चाचणी

पेरणीच्या दहा दिवस आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा आणि रोज थोडं पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी उघडा. नुसता मोड आला म्हणजे बी उगवलं असं धरू नका. जाड मोड, आणि दोन डाळींच्या मधोमध कोवळी पानं शाबूत असलेलंच रोप मोजा. शेंडा नसलेलं, डाळ तुटलेलं रोप शेतात दिसेल, पण वाढणार नाही. ७५ च्या खाली आकडा आला तर बी परत करा.

सावधान: राजमाचं कोरडं बी आतून फार नाजूक असतं. पोती ट्रॉलीतून खाली आदळली तरी साल बाहेरून धड दिसते आणि आतला मोड मोडतो. पोती खांद्यावरून अलगद उतरवा, त्यावर बसू नका. शंका आली तर मूठभर बी दहा मिनिटं पाण्यात टाका. तडकलेल्या सालीचे दाणे लगेच सुरकुततात, धड दाणे तेवढ्यात तसेच राहतात. भिजवलेलं ते मूठभर बी पेरू नका.

## टप्पा ३: मशागत आणि गादीवाफे

सोयाबीनचं काड रानात जाळू नका, पण ढेकळांखाली दडपलेलंही ठेवू नका. एक नांगरट किंवा खोल पाळी, मग कुळवाच्या दोन पाळ्या. एकरी दोन ते तीन टन चांगलं कुजलेलं शेणखत शेवटच्या पाळीआधी मिसळा. कच्चं शेणखत टाकलं तर हुमणी आणि मूळकुजीला आवतण दिल्यासारखं होतं.

रोटावेटर फिरवताना हात आवरता घ्या. माती पिठासारखी केली की पहिल्या पाण्याला वर पापुद्रा धरतो. राजमाच्या बाबतीत ते फार महागात पडतं, कारण त्याचा मोड वाकून वर येतो आणि दोन्ही जाड डाळी आपल्याबरोबर जमिनीबाहेर ओढतो. हरभऱ्याच्या डाळी जमिनीतच राहतात, फक्त कोंब वर येतो, म्हणून हरभरा पापुद्रा फोडून निघतो. राजमाची मात्र मान मोडते. उगवण झालेल्या ओळीत बसून बघा: काही ठिकाणी माती भेगाळून किंचित उचललेली दिसते आणि खाली पांढरी कमान अडकलेली असते. दोन दिवसांत ती कुजते.

भारी रानात बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राने वाफे पाडा, किंवा सरी-वरंबा करून वरंबा सपाट करा. वाफ्यावर दोन किंवा तीन ओळी आणि दोन्ही बाजूला पाणी उतरायला सरी. ठिबक असेल तर लॅटरल (ठिबकची नळी) वाफ्याच्या मध्यावर टाका.

## टप्पा ४: पेरणीची वेळ

१५ ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. या चौकटीच्या बाहेर गेलात तर नफ्यातून बाहेर गेलात असं समजा.

राजमाला १५ ते २५ अंश तापमान मानवतं. ३० अंशांच्या वर फूल गळतं, आणि पारा ५ अंशांच्या खाली गेला की फुलं आणि कोवळ्या शेंगा करपतात. आता तारखा मोजा. २० ऑक्टोबरला पेरलेला राजमा नोव्हेंबरच्या शेवटी फुलावर येतो, डिसेंबरात शेंगा भरतो आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात काढणीला येतो. सगळा नाजूक काळ थंडीत निघतो. हीच पेरणी डिसेंबरात गेली तर शेंगा भरायच्या वेळी फेब्रुवारीचं ऊन तापायला लागतं. झाड हिरवंगार दिसतं आणि शेंगेत दाणे दोनच. सप्टेंबरात घाई केली तर परतीच्या पावसात रोपं सापडतात आणि वर ऑक्टोबरचा उकाडा.

निफाडसारख्या पट्ट्यात, किंवा ओढ्याकाठच्या खोलगट रानात थंडी साचते. तिथे पेरणी चौकटीच्या सुरुवातीलाच करा. थंडीची लाट येण्याचा अंदाज असेल तर संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओलं रान कोरड्या रानापेक्षा रात्री कमी गार पडतं.

## टप्पा ५: बीजप्रक्रिया, याच क्रमाने

आधी बुरशीनाशक, मग (गरज असेल तर) कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू. क्रम उलटा केला तर रासायनिक औषध जिवाणू मारतं आणि पाकिटाचे पैसे वाया जातात. रासायनिक बुरशीनाशक वापरायचं नसेल तर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) किलोला ५ ग्रॅम चोळा.

जिवाणूंबद्दल एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) राजमाला चालत नाही. राजमाचं वेगळं आहे, आणि ते मिळालं तरी आपल्याकडच्या जातींच्या मुळांवर गाठी फार कमी धरतात. ‘कडधान्य आहे, स्वतःचं नत्र स्वतः तयार करेल’ हा भरवसा इथे चालत नाही. स्फुरद विरघळवणारे जिवाणू मात्र जरूर लावा.

सावधान: बी पाण्यात बुडवून किंवा गूळपाण्याने चिंब करून प्रक्रिया करू नका. राजमाची साल झपाट्याने पाणी ओढते, सुरकुतते आणि हातात सुटून येते. औषध चोळण्यापुरताच ओलावा, हलक्या हाताने, ताडपत्रीवर. मग सावलीत अर्धा-पाऊण तास आणि त्याच दिवशी पेरणी. पेरणीआधी रात्रभर भिजत घालायची सवय असेल तर ती घरच्या आमटीपुरती ठेवा.

## टप्पा ६: आधी ओलवणी, मग पेरणी

हा क्रम बदलू नका. कोरड्यात पेरून वरून मोकाट पाणी देणं हे राजमात उगवण बिघडवण्याचं पहिलं कारण आहे. बी एकदम पाणी ओढून फुटतं आणि वर पापुद्रा धरतो.

१. रान ओलवा. ठिबकवर वाफा पूर्ण भिजेपर्यंत चालवा.

२. वाफसा येऊ द्या. मुठीत माती दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये आणि टाकला की फुटावा.

३. वाफशावर दोन चाड्याच्या पाभरीने किंवा टोकण करून (एकेक दाणा हाताने लावून) पेरा. खोली ४ ते ५ सेंमी, हलक्या रानात थोडी जास्त. दहा सेंमी खोल गेलेलं बी वर येईपर्यंत थकतं.

४. खत बियाच्या बाजूला आणि खाली पडलं पाहिजे. युरिया-डीएपी बियाला चिकटून पडलं की मोड जळतो.

५. पेरणीनंतर हलकी पाळी देऊन बी झाका. पाणी नको.

टोकण यंत्र किंवा ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र वापरणार असाल तर आधी पक्क्या जमिनीवर दहा पावलं चालवून पाहा. सोयाबीनच्या चकतीत राजमाचा दाणा अडकतो आणि फुटतो. खाली पडलेल्या बियांत फुटके दाणे दिसले तर मोठ्या खाचेची चकती लावा आणि वेग कमी करा. मजूर मिळत असतील तर महाग बियाण्याला टोकण परवडते. बी वाचतं आणि अंतर नेमकं राहतं.

तपासणी: सातव्या-आठव्या दिवशी रानात जा. पापुद्रा धरला असेल तर उगवण होईपर्यंत हलका तुषार किंवा चुटपुटतं आंबवणीचं पाणी द्या. दहाव्या दिवसापर्यंत नांगे (न उगवलेल्या जागा) भरून घ्या. त्यानंतर भरलेलं रोप शेजारच्या सावलीत राहतं आणि मळणीच्या वेळी हिरवे दाणे मिसळतं.

## टप्पा ७: खत, हरभऱ्याच्या हिशोबाने नव्हे

राजमाची नत्राची शिफारस हेक्टरी ९० ते १२० किलो आहे, स्फुरद सुमारे ६० किलो. हरभऱ्याला हेक्टरी २५ किलो नत्र पुरतं, म्हणजे फरक चौपटीचा. निम्मं नत्र पेरणीबरोबर, निम्मं तीन-चार आठवड्यांनी.

एकराला पोत्यांच्या भाषेत:

पेरणीबरोबर एक पोतं डीएपी (५० किलो) आणि २५ किलो युरिया. यातून साधारण २० किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळतं. डीएपीची टंचाई असेल तर तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक पोतं युरिया (४५ किलो). सुपर फॉस्फेटमधून गंधक आणि कॅल्शियमही मिळतं, म्हणून मला तरी हाच पर्याय जास्त आवडतो. पालाश माती परीक्षणाप्रमाणे.

पेरणीनंतर २१ ते २५ दिवसांनी एक पोतं युरिया (४५ किलो, सुमारे २१ किलो नत्र). खत ओळीच्या बाजूने टाका, कोळपणीने मातीत मिसळा आणि लगेच हलकं पाणी द्या. पानांवर दव असताना युरिया फोकला तर पानं जळतात.

हा दुसरा हप्ता फुलं आल्यावर देऊ नका. तेव्हा दिलेलं नत्र पाल्याला जातं आणि पीक पिकायला उशीर करतं.

चुनखडीच्या रानात नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती बहुधा लोहाची कमतरता असते. पान लहान, जाडसर, शिरांमधला भाग फिका आणि झाड आखडलेलं असेल तर जस्ताकडे बघा. जस्त कमी पडलेलं घेवडावर्गीय पिकात फार लवकर दिसतं. माती परीक्षणात जस्त कमी आलं असेल तर एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून पेरणीआधीच द्या. स्फुरदाच्या खतात एकत्र करू नका, दोन्ही एकमेकांना अडवतात.

## टप्पा ८: तण आणि कोळपणी

पहिले तीस-पस्तीस दिवस रान स्वच्छ ठेवा. पुढे झुडूपच जमीन झाकतं.

पेरणीनंतर, उगवणीपूर्वी ४८ तासांच्या आत पेंडीमेथॅलीन (३० टक्के) हे तणनाशक एकरी १ ते १.३ लिटर, ओलसर जमिनीवर आणि मागे सरकत फवारा. हलक्या रानात कमी मात्रा घ्या. पुढे विसाव्या दिवसाच्या आसपास एक कोळपणी आणि तिशीनंतर दुसरी. दुसऱ्या कोळपणीत झाडाच्या बुंध्याला मातीची भर लावा. शेंगा भरल्यावर झुडूप वजनाने कलतं आणि शेंगा जमिनीला टेकतात, ते या भरीने टळतं.

फुलं दिसली की कोळपं बंद. राजमाची मुळं वरवरची असतात, ती तुटतात, आणि फुलं धक्क्याने गळतात.

सावधान: सोयाबीनवर उभ्या पिकात चालणारी तणनाशकं ‘हे पण द्विदल’ म्हणून राजमावर मारू नका. पीक पिवळं पडून आखडतं. उसात टू-फोर-डी मारलेला पंप राजमाला वापरूच नका, तीन वेळा धुतला तरी. या पिकासाठी वेगळा पंप ठेवा.

## टप्पा ९: पाणी थोडं, वेळेवर

आपल्याकडच्या ७५ ते ८५ दिवसांच्या पिकाला पाण्याच्या तीन पाळ्या चुकवायच्या नाहीत:

- पेरणीनंतर २० ते २५ दिवसांनी, युरियाच्या हप्त्याबरोबर
- फुलोरा सुरू होताना, साधारण ३५ ते ४० दिवसांनी
- शेंगा भरताना, ५० ते ६० दिवसांच्या दरम्यान

मध्ये जमिनीप्रमाणे दहा ते पंधरा दिवसांनी हलकं पाणी. हलक्या रानात अंतर कमी. पाणी सरीतून फिरवा, वाफ्याच्या माथ्यावर चढू देऊ नका. संध्याकाळी भरलेल्या सरीत सकाळी पाणी दिसत असेल तर जास्त झालं.

फुलोऱ्यात तुषार बंद ठेवा. ओल्या पानांत करपा पसरतो, आणि फुलांनाही ते मानवत नाही. शेंगा पिवळ्या पडायला लागल्या की पाणी तोडा. त्यानंतर दिलेल्या पाण्याने पुन्हा फूल येतं, पीक एकसारखं पिकत नाही आणि काढणी लांबते.

## टप्पा १०: रोग-किडी, आठवड्यातून एक फेरी

फेरी दव सुकल्यावरच मारा. ओल्या पिकातून फिरणारा माणूस करपा आणि जिवाणूजन्य करपा आपल्या कपड्यांवरून ओळीओळीने पसरवतो.

दोन-तीन आठवड्यांचं रोप माना टाकतं. उपटून खोड नखाने उभं चिरा. आत तपकिरी बोगदा आणि अळी असेल तर खोडमाशी. खोड आतून स्वच्छ पण मुळं काळी, मऊ असतील तर मूळकुज. पहिल्यासाठी कीटकनाशक, दुसऱ्यासाठी पाणी कमी आणि ट्रायकोडर्माची आळवणी. चिरून न बघता फवारणी केली तर निम्म्या वेळा चुकीचंच औषध जातं.

पानं सुरकुतलेली, हिरवे-फिके ठिपके, झाड खुजं. मोझॅक. झाड उपटून रानाबाहेर पुरा. मावा हा रोग फिरवतो. पिवळे चिकट सापळे लावा, पाच टक्के निंबोळी अर्क सुरुवातीलाच घ्या.

शेंगेवर खोलगट, काळपट कडांचे डाग, पानामागे शिरा विटकरी-काळ्या. करपा. ढगाळ हवा आणि दव असलं की झपाट्याने वाढतो.

पानामागे बोटाला लागणारी विटकरी पूड. तांबेरा. पेरणी उशिरा झाली असेल तर हा हटकून येतो.

शेंगेला गोल भोक. घाटे अळी. शेजारी हरभरा असेल तर आधी तिकडे लक्ष द्या.

औषध घेताना पाकिटावर या पिकाचं नाव आणि काढणीपूर्वी थांबायचे दिवस बघा. तीन औषधं एका टाकीत कालवून ‘एकदाच काम’ करू नका. राजमाचं पान पातळ असतं, ते भाजतं.

## टप्पा ११: काढणी, सकाळीच

पानं पिवळी पडून गळायला लागली आणि चारातल्या तीन शेंगा वाळून खडखडल्या की काढणी करा. सगळ्या शेंगा वाळायची वाट पाहिली तर खालच्या फुटतात. पहाटे ते नऊ-साडेनऊपर्यंत, दवाने शेंगा नरम असताना झाडं उपटा किंवा विळ्याने कापा. कापलेलं बरं, कारण उपटताना मुळांबरोबर माती आणि खडे खळ्यावर येतात आणि पुढे व्यापारी त्यावरून वजन कापतो.

तीन-चार दिवस ताडपत्रीवर पातळ पसरा, रोज एकदा उलटा. मोठे ढीग लावले तर आत वाफ धरते आणि दाण्याचा रंग जातो.

## टप्पा १२: मळणी आणि दाण्याचा रंग

चांगलं पिकलेलं पीक इथे भावात पडतं. ओल्या मालाची मळणी केली तर दाणा चेमटतो. अति वाळलेल्या मालाची भर दुपारी केली तर साल तडकते आणि दाणा दोन फाळ्यांत फुटतो.

तपासणी: दाण्यावर अंगठ्याचं नख जोरात दाबा. खोल खड्डा पडला तर अजून वाळवा. जेमतेम व्रण उमटला तर मळणीची वेळ. व्रणच उमटत नाही आणि दाताखाली कटकन तुटतो, तर सकाळच्या गारव्यात मळणी करा.

माल कमी असेल तर ताडपत्रीवर काठीने झोडपणं सर्वांत चांगलं. मळणीयंत्र लावायचंच तर ड्रमचे फेरे कमी करा, जाळीतलं अंतर वाढवा आणि पहिली पाटीभर माल बाहेर आला की यंत्र थांबवा. मूठभर दाण्यांत किती फुटके ते मोजा. यंत्रवाला घाईत असतो, पण फुटक्या राजमाचा भाव तुम्हाला सोसावा लागतो.

मळणीनंतर दाणे कोवळ्या उन्हात किंवा सावलीत वाळवून ओलावा १० टक्क्यांपर्यंत आणा. आठ-आठ दिवस कडक उन्हात ठेवले तर लाल दाणा काळपट होतो. चाळून मोठा, बारीक, फुटका आणि डागी माल वेगळा करा. सगळं एकत्र नेलं तर भाव सर्वांत खालच्या दाण्याचा लागतो. जास्त दिवस साठवून ठेवू नका. जुना दाणा गडद होतो, शिजायला कडक होतो, आणि गिऱ्हाईक तो ओळखतो.

भावाबद्दल एवढंच: राजमाला हमीभाव नाही. तुमच्या आडतीवर कोणता रंग आणि किती आकाराचा दाणा उठतो हे पेरणीआधी दोन व्यापाऱ्यांना विचारा. पहिल्या वर्षी अर्धा-एक एकर पुरे. मध्यम रानात नीट केलेल्या पिकाचं एकरी पाच-सहा क्विंटल धरून खर्चाचा मेळ घाला.

फुटके दाणे कोंबड्यांना किंवा शेळ्यांना कच्चे घालू नका. कच्च्या राजमात विषारी घटक असतो, तो खळखळून उकळल्यावरच जातो. भुसकट मात्र जनावरं खातात.

## खरिपातला घेवडा करणाऱ्यांसाठी

कोरेगाव, खटाव, माण भागात पावसावर घेवडा होतो. कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकन आहे. तिथली हवा गार आणि पाऊस बेताचा, म्हणून खरिपात जमतं. जास्त पावसाच्या पट्ट्यात किंवा विदर्भातल्या भारी रानात हे तसंच्या तसं उचलू नका.

पेरणी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, पुरेशी ओल झाल्यावर. खताचा हिशोब वरचाच, मात्र युरियाचा दुसरा हप्ता पावसाची उघडीप बघून द्या. उताराला आडव्या ओळी आणि मध्ये पाणी काढून देणारी सरी हवीच. काढणी सप्टेंबरात येते आणि तेव्हा पाऊस असतो. म्हणून आधीच छपराखाली जागा आणि दोन जास्तीच्या ताडपत्र्या तयार ठेवा. कापलेलं पीक एक रात्र जरी भिजलं तरी दाण्यावर डाग पडतो. वाघ्याच्या मूळच्या पट्ट्यांवर हे डाग लवकर लक्षात येत नाहीत, पोतं उघडल्यावर येतात. भिजलेला माल कोरड्या मालात मिसळू नका, वेगळा वाळवा आणि वेगळाच विका.